कंबरेचं दुखणं

मी एक शब्द चुकीचा सांगितला. चुकून नव्हे, जाणूनबुजून. प्रायश्चित्त मात्र माझ्या मोठ्या दिरांना घ्यावं लागलं.

तासबुलाकच्या दवाखान्यात मी सव्वीस वर्षं नर्स आहे. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक वजनकाटा आणि एक कपाट. महिन्यातून एकदा जिल्ह्याहून डॉक्टर येतो. बाकीचे दिवस डॉक्टर मीच, कंपाउंडर मीच आणि केर काढणारीही मीच. बाळंतपणं केली, घोड्याच्या लाथेनं निखळलेले जबडे बसवले, व्होडका पिऊन बर्फात पडलेल्यांना शुद्धीवर आणून वर शिव्याही घातल्या. सागिला कुणाला भीत नाही, अशी गावात माझी ख्याती आहे. ती ख्याती खोटी आहे, हे सांगायलाच आज बसले आहे.

आम्हा कझाकांत सुनेनं सासरच्या थोर माणसांचं नाव घ्यायचं नसतं. नवऱ्याचा बाप, चुलते, मोठे भाऊ, सगळ्यांना आपल्या मनानं दुसरी नावं पाडायची. माझे मोठे दीर गावात सगळ्यांत उंच, तेव्हा लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी त्यांना ‘उंचदादा’ करून टाकलं. दवाखान्याच्या वहीत त्यांचं खरं नाव मी लिहायचे, पण मनातसुद्धा वाचायचे नाही. ते मला सूनबाई म्हणायचे. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको ही सूनच.

उंचदादांचं काम शिंगरं खच्ची करण्याचं. एप्रिलअखेर गवत वर आलं की त्यांना लांबलांबून बोलावणी यायची. चौघांनी दोर टाकून शिंगरू पाडायचं, दादांनी गुडघा टेकायचा, आणि वाटीतला चहा निवायच्या आत काम उरकलेलं. एवढा आडदांड माणूस, पण हात एखाद्या शिवणकाम करणाऱ्या बाईसारखे हलके. काम झालं की ते शिंगराच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटायचे. ते काय बोलतात, असं मी एकदा नवऱ्याला विचारलं.

“माफी मागतो त्याची,” नवरा म्हणाला. “सांगतो, बाबा रे, आता तुझ्या डोक्याचा ताप कायमचा गेला.”

असा हा माणूस. भरपूर खाणारा, भरपूर हसणारा, तीन मुलींना खांद्यावर बसवून बाजारात फिरणारा. सत्तेचाळिसाव्या वर्षी, एका वसंतात, त्यांनी बोलावणी परत धाडायला सुरुवात केली. कंबर गेलीय म्हणाले, वाकता येत नाही.

आता या कंबरेचं थोडं सांगायला हवं. आमच्या भाषेत कंबरेला ‘बेल’ म्हणतात, आणि पुरुषाची ताकद आमच्याकडे तिथेच राहते. ज्याचं अंथरुणात काही चालत नाही त्याची बेल गेली म्हणायचं. पण खरोखर कंबर धरली तरी शब्द हाच. त्यामुळे सगळ्यांचीच सोय होते. ज्याला समजायचं त्याला समजतं, आणि ज्याला समजून घ्यायचं नसतं तो उंटाच्या लोकरीचा पट्टा विणून आणतो. त्या वसंतात दादांकडे असे सात पट्टे जमले.

एका लग्नाच्या जेवणात मिर्झागुल म्हाताऱ्यानं भर पंगतीत त्यांना छेडलं. “काय रे, शिंगरांची हाय लागली म्हणे तुला?”

पंगत खिदळली. दादाही हसले. पण घरी जाऊन त्यांनी चाकूंची पिशवी गोठ्याच्या छपरात खोचली ती पुन्हा काढली नाही. शिंगरांची हाय लागली असं त्यांना खरंच वाटत होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

त्यानंतर आठवड्याभरानं कुलाश जाऊबाई दवाखान्यात आल्या. रक्तदाब बघ म्हणाल्या. मी पट्टा गुंडाळला, फुगवला, आकडा सांगितला. त्या उठेनात.

“सूनबाई, तुझ्या दादांची कंबर गेलीय.”

“कधीपासून?”

“हिवाळ्याच्या मांसासाठी घोडा कापला, त्याच्याही आधीपासून.”

“काही जड उचलताना झालं का?”

जाऊबाईंनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. “उचललंच जात नाहीये गं काही. तेच तर सांगतेय.”

आम्ही दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसलो. हसता हसता त्या कधी रडायला लागल्या ते मला कळलं नाही. रुमालाचं टोक तोंडात धरून म्हणाल्या, “मी म्हातारी दिसायला लागले का गं? की शहरात कुणी ठेवलीय त्यांनी? भिंतीकडे तोंड करून निजतात. बोलायला जावं तर वस्सकन अंगावर येतात. नुसता चहा, चहा, चहा. एक किटली संपली की दुसरी. आणि मग सारखं आपलं बाहेर जायचं. वाळत चाललेत बघ, शर्ट लोंबतो अंगावर.”

मी नर्स आहे. फार तहान लागणं, सारखं लघवीला जाणं आणि खाऊनपिऊन वजन उतरणं, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की काय तपासायचं ते आम्हाला पहिल्याच वर्षी घोकून घेतात. जाऊबाईंनी तिन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या. पण आमच्या गावात चहा कमी पितो कोण? आणि माझं लक्षही तिकडे नव्हतं. मोठ्या दिरांचा हा विषय आपल्यापर्यंत येऊन पोचला, आता यातून अंग कसं काढून घ्यावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

“डॉक्टर आला की पाठवा त्यांना,” मी म्हटलं.

तेव्हा आमच्याकडे डॉक्टर पाक यायचा. शहरात वाढलेला कोरियन पोरगा, मनानं चांगला, पण कझाकमध्ये त्याची मजल ‘कसं काय’ आणि ‘चहा पुरे’ याच्यापुढे नव्हती. गावातली जुनी माणसं आपल्या भाषेत दुखणं सांगायची आणि मी त्याला ते रशियनमध्ये सांगायचे. दादांना रशियन येत होती ती फौजेतली. म्हणजे हुकूम आणि शिव्या. या दुखण्याला त्या भाषेत त्यांच्याकडे शिव्यांखेरीज शब्दच नव्हता, आणि शिवी डॉक्टरसमोर द्यायची कशी, तीही धाकट्या भावाच्या बायकोच्या देखत?

ते आले तेव्हा दाराची चौकट चुकवायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. टोपी मुठीत चुरगळत होते. डॉक्टरनं काय होतंय म्हणून विचारलं. मी ते कझाकमध्ये सांगितलं, त्यांच्याकडे न बघता.

“बेल,” दादा म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, “बेल गेलीय माझी.”

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला.

रशियन शब्द मला येत होता. पुस्तकातला, स्वच्छ, कुणालाही न लाजवणारा शब्द. दुसऱ्या कुणाचं असतं तर सांगितलाही असता, निदान आज मला तसं वाटतं. पण हे उंचदादा. त्यांच्यासमोर माझ्या डोक्यावरचा रुमाल कधी सरकला नव्हता. त्यांच्याकडे पाठ करून मी कधी खोलीबाहेर पडले नव्हते. आमच्याकडे सुना थोरांसमोरून मागं मागं सरकत दार गाठतात. ज्यांचं नाव मी घेत नाही, त्यांच्या त्या गोष्टीचं नाव घ्यायचं? माझे कान तापले.

“स्पिना,” मी म्हटलं. म्हणजे पाठ. “यांची पाठ दुखते.”

पाकनं त्यांना पालथं झोपवलं, मणका न् मणका दाबला. इथे दुखतं का? दादा म्हणाले, हो. इथे? हो. दुखत नसताना हो म्हणत होते, हे मला दिसत होतं. ते तसं का म्हणतात ते मात्र कळत नव्हतं. साखर तपासायचं यंत्र माझ्या टेबलाच्या वरच्याच खणात होतं. त्याला रक्ताचा एक थेंब पुरतो.

डॉक्टरनं दहा इंजेक्शनं लिहून दिली आणि जड उचलायला बंदी केली. इंजेक्शनं कुल्ल्यात घ्यायची होती. माझ्याकडून घ्यायला दादा कसे तयार होणार? दहा दिवस ते घोड्यावर बसून शेजारच्या गावातल्या नर्सकडे गेले, जाऊन-येऊन बावीस किलोमीटर. पाठ दुखणारा माणूस रोज बावीस किलोमीटर घोडा दौडवतो, आणि यात सगळ्या गावाला काही वावगं वाटलं नाही.

मग घरगुती उपाय झाले. मेंढा कापून त्याच्या ऊन ऊन कातड्यात त्यांना गुंडाळून ठेवलं. घाम निघाला, अशक्तपणा वाढला. हरणाच्या कोवळ्या शिंगांचा अर्क झाला. शहरातल्या एका मित्रानं निळ्या गोळ्या दिल्या. त्यातली एक घेतली, तोंड लालबुंद झालं, डोकं ठणकायला लागलं आणि बाकी काहीच झालं नाही. दादांनी घाबरून उरलेल्या चुलीत टाकल्या. ते एक बरं झालं. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली गोळी ठेवणाऱ्यानं ही निळी गोळी घेतली तर रक्तदाब इतका उतरतो की माणूस हातचा जायचा. हे मी आता गावातल्या प्रत्येक पुरुषाला तोंडावर सांगते. सकाळी जाग येते तेव्हा काय स्थिती असते तेही विचारते. एरकेन, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, तुला आता लाजच उरली नाही. मी म्हणते, होती तेव्हा काय दिवे लावले?

पण ते आताचं. तेव्हा मी दोन वर्षं तोंड बंद ठेवलं. दादा रस्त्यात दिसले की मी पलीकडून जायचे. जाऊबाई आल्या की मी रक्तदाब बघायचे, त्या काही बोलायच्या आत दुसऱ्या पेशंटला हाक मारायचे. त्याही मग यायच्या थांबल्या. स्वतःच्या मोठ्या मुलीच्या लग्नात तो उंच माणूस मांडवाच्या कडेला बसून होता. नाच म्हटलं तर कंबरेवर हात ठेवून मान हलवायचा. कंबर धड होती हे त्याला माहीत होतं, जाऊबाईंना माहीत होतं आणि मला माहीत होतं.

दोन वर्षं होत आली तेव्हा, मार्चमध्ये, जाऊबाई अनवाणी धावत आल्या. दादांच्या बुटात एक खिळा वर आला होता. किती दिवस आला होता कुणास ठाऊक. पायाला काही जाणवलंच नव्हतं त्यांच्या. आज मोजा काढला तर आत अंगठा काळा. मी दारातून आत शिरले तेव्हाच वासावरून समजले. यंत्र घेऊन गेले होते. त्यांचं बोट धरलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या हाताला माझा हात पहिल्यांदा लागत होता. टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. आमच्याकडे साखर वेगळ्या मापात मोजतात, सातच्या वर आकडा गेला की आम्ही चिंता करतो. एकवीस आला.

मी तिथेच जमिनीवर बसले. दोन वर्षांपूर्वी खणातून हे यंत्र काढायला मला किती वेळ लागला असता, तेच मनात येत राहिलं.

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात त्यांना मीच घेऊन गेले. नवरा मागं घोड्यांपाशी राहिला. नोंदणीच्या खिडकीतल्या बाईनं विचारलं, पेशंटचं नाव? मी मागं वळून पाहिलं. दादा चाकाच्या खुर्चीत बसून गुडघ्यांकडे बघत होते.

“उंच…” मी म्हटलं.

“काय?”

“जानुझाक,” मी म्हटलं. “जानुझाक.” मनातसुद्धा कधी वाचलं नव्हतं ते नाव त्या खिडकीत दोनदा मोठ्यानं घेतलं. खुर्चीतल्या माणसानं मान वर केली नाही.

साखरेच्या डॉक्टरीण नीना पाव्हलोव्हना. साठीच्या रशियन बाई, बोलायला तुटक, हात मात्र मऊ. त्यांनी पाय पाहिला. पाऊल पुढच्या बाजूनं अर्धं काढावं लागेल, टाच वाचवू म्हणाल्या. मग कागद पुढे ओढून प्रश्न विचारायला लागल्या. तहान कधीपासून, वजन किती उतरलं, तंबाखू, दारू, रक्तदाबाची काही गोळी. मी भराभर सांगत गेले. मग त्याच सुरात त्यांनी पुढचं विचारलं.

“पुरुषपणाची काही तक्रार?”

खोली आमच्या दवाखान्यातल्या खोलीएवढीच लहान होती. दादांची टोपी तशीच मुठीत होती. मी एक श्वास घेतला आणि कझाकमध्ये विचारलं. बेल म्हटलं नाही. सरळ शब्दांत विचारलं.

दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आहे.”

“कधीपासून?”

“तीन हिवाळे.”

“एकदम झालं की हळूहळू?”

“हळूहळू. आधी कधीमधी. मग नेहमीच.”

“सकाळी जाग येते तेव्हा?”

“तेव्हाही नाही.”

“इच्छा होते का?”

“इच्छा गेली असती तर सोपं होतं,” दादा म्हणाले.

माझ्या मानेवरून घामाचा ओघळ गेला. पण शब्द न् शब्द सांगितला. नीना पाव्हलोव्हनांनी लिहून घेतलं आणि माझ्यामार्फत त्यांना समजावलं की हे पाप नाही, शाप नाही आणि वयही नाही. साखरेनं रक्ताच्या नळ्या आणि नसा झिजतात. तिथल्या नळ्या सगळ्यांत बारीक, म्हणून पुष्कळांचं पहिलं दुखणं तिथंच दिसतं, पायाच्या आणि काळजाच्या दोन-चार वर्षं आधी. साखर आटोक्यात आली की त्याच्यावरही उपाय असतात, बायकोला सोबत घेऊन या. दादा ऐकत होते. शाप नाही हे ऐकलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा बाईंकडे पाहिलं.

“खच्ची केलेल्या जनावरांमुळे नाही?” त्यांनी मला विचारलं.

मी तेही भाषांतर केलं. बाईंना कळेना. मग मान हलवून म्हणाल्या, “नाही, नाही.” आणि पेन हातात धरूनच पुढचं विचारलं.

“ही तक्रार यांनी आधी कुठल्या डॉक्टरला सांगितली होती का? तेव्हाच रक्त तपासलं असतं तर पाय वाचला असता.”

मी दादांना विचारलं. विचारताना माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

दादांनी माझ्याकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाले, “नाही. लाज वाटली मला. कुणाला सांगितलं नाही.”

तेवढंच भाषांतर करायचं होतं. कागदावर लिहिलं गेलं असतं, विषय मिटला असता. त्यांनी मला वाट काढून दिली होती आणि त्या वाटेनं पळावं असं मला इतकं वाटलं की माझं तोंड उघडलंही.

“सांगितलं होतं,” मी रशियनमध्ये म्हटलं. “दोन वर्षांपूर्वी. आपल्या शब्दांत सांगितलं होतं. भाषांतर करणारी मी. मला लाज वाटली. मी डॉक्टरला ‘स्पिना’ म्हणून सांगितलं.”

नीना पाव्हलोव्हनांनी चष्मा काढला. “तुम्ही नर्स ना?”

“हो.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा परत घातला, दोन ओळी लिहिल्या आणि निघून गेल्या. मी भिंतीकडे बघत उभी राहिले. दादांच्या पायावरची चादर सरळ करायचं निमित्त करून वाकले. जे रशियनमध्ये बोलले ते आता आपल्या भाषेत त्यांना सांगायचं होतं. माफी मागायची होती. मी तोंड उघडणार तोच तेच बोलले.

“कशाला सांगितलंस तिला?”

मी चमकून वर पाहिलं.

“तेवढा शब्द येतो मला, सूनबाई. फौजेत दोन वर्षं रोज सकाळी ओरडायचे, स्पिना ताठ, स्पिना ताठ. त्या दिवशी दवाखान्यात तू तो शब्द बोललीस, तेव्हाच कळलं मला.”

“मग… तुम्ही तेव्हा काहीच का बोलला नाहीत?”

दादांनी मुठीतली टोपी उलगडली, गुडघ्यावर ठेवून हातानं सपाट केली.

“बोलतोय कसला? जीव भांड्यात पडला माझा,” ते म्हणाले. “घरी जाताना वाटेत घोडा थांबवून तुला दुवा दिला होता मी. म्हटलं, पोरीनं अब्रू राखली माझी.”